आगीच्या बेटावर जायची तयारी

हे लिखाण माझ्यापुरतंच आहे, तरी आधी माफी मागते. चौथी झाली आणि माझी शाळा सुटली. पहिली वेलांटी की दुसरी हे मला ऐन वेळी आठवत नाही, मग जी हाताला सोपी पडते ती देते. अक्षर तर असं की दुसऱ्या दिवशी माझं मलाच लावून वाचावं लागतं. ओळ सरळ सुरू होते आणि वाफ्याचा बांध फुटावा तशी मधूनच खाली उतरते. कोणाच्या हाती ही वही लागलीच तर त्यानं चुका मोजू नयेत. तोंडानं सांगितलं असतं, पण चार माणसांत माझा आवाज निघत नाही, म्हणून लिहिते.

सत्तरच्या पुढची वर्षं होती. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं. गावाला लागून आमचा भाजीपाल्याचा मळा. विहिरीवर नवीन ऑइल इंजिन बसवलेलं, त्याचा आवाज अर्ध्या गावाला ऐकू जाई. वांगी, टमाटे, दोडकी, पालक घरादाराचे. पण बांधाकडेच्या तीन वाफ्यांतला सांभार माझा. कोथिंबिरीला आमच्याकडं सांभार म्हणतात. सासूबाईंनी लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच सांगून टाकलं होतं, "सांभाराचे पैसे तुये. त्याच्यात कोणी हात घालणार नाई."

बाजारातल्या एका किराणा दुकानदाराच्या घरी मी भाजी द्यायला जात असे. घर जैनांचं. चातुर्मासात त्यांच्याकडं पालेभाजी बंद, तेव्हा नुसती दोडकी-कारली न्यायची. दुकान पुढं, घर मागं. आम्ही त्यांना शेटजी म्हणत होतो, आणि त्यांच्या आईला सारं गाव जीजी म्हणे. जीजी एकेक दोडकं उजेडात धरून अळी पाहायची. माझ्या पाटीत तिला कधी सापडली नाही, म्हणून माझ्यावर तिचा जीव. बाकी मी तिथं बोलत काहीच नव्हते.

संध्याकाळी दुकानाच्या बाकावर तिघं बसत: शेटजी, आमचे हे, आणि भूगोल शिकवणारे एक गुरुजी. त्या दिवशी मी दुकानाच्या उंबऱ्याशी पाटी घेऊन उभी होते. गुरुजी सांगत होते, "अंदमानाच्या पलीकडे समुद्रात एक बेट आहे. नुसता जळका डोंगर. पोटात आग, डोक्यावर पाऊस. माणूस एक नाही."

"माणूस नाई तं मंग हाये कोण?" ह्यांनी विचारलं.

"बकऱ्या."

"कोणाच्या?"

"कोणाच्याच नाहीत. जुन्या काळी कोण्या जहाजानं सोडल्या होत्या म्हणतात. त्या वाढल्या."

हे बाकावरून उठून उभे राहिले. आमचं निम्मं आयुष्य दुसऱ्याच्या बकऱ्या हाकलण्यात गेलेलं. मालकच नाही तर भांडायचं कोणाशी, हा विचार त्यांना सहन होईना. "बाप्पा! असं गाव पाह्यलंच पाह्यजे," ते म्हणाले.

आतून जीजीचा आवाज आला, "त्यायले कापत नाई का कोणी?"

"कापायला माणूस नको का, जीजी?"

"म्हंजे आपल्या मौतीनं मरतात?"

"हो."

जीजी गुडघे धरत ओसरीवर आली. "एवढं पुण्याचं ठिकाण, आन् आपल्याले माहीतच नाई," ती म्हणाली. "जा रे बाबू. पाहून या."

शेटजींनी आईचा शब्द कधी मोडला नव्हता. अशा तऱ्हेनं बेत ठरला. एकाला बकऱ्या पाहायच्या होत्या, एकाला आईचं ऐकायचं होतं, आणि गुरुजींना जळका खडक हातात घ्यायचा होता. आपली काळी मातीसुद्धा असल्याच जळक्या खडकाची झाली आहे, हे ते पोरांना दरवर्षी शिकवत, पण आग असलेला डोंगर त्यांनी फळ्यावरच पाहिला होता.

मी घरी आले ती डोक्यात दुसरंच घेऊन. माणूस नाही, म्हणजे तिथं कोणी पेरलं नसेल, निंदलं नसेल. तरी हिरवं असेल, कारण वरून पाणी पडतच असेल. मी लहानपणापासून पाणी देत आले. पाण्याचा दांड फोडायचा, वाफा भरायचा, दांड बांधायचा, पुढचा फोडायचा. ज्याला कोणीच पाणी देत नाही असं हिरवं मला एकदा पाहायचं होतं. उभं राहून नुसतं पाहायचं. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगायचं कसं, ते मला येत नव्हतं.

माझ्यासाठी जागा जीजीनं काढली. दोनच दिवसांनी तिनं विचारलं, "दिवस बुडायच्या आत माया पोराले जेवू कोण घालीन थितं?" शेटजी दिवस मावळल्यावर जेवत नसत आणि बाहेरचं अन्न घेत नसत. तिघांपैकी कोणालाही पोळी लाटता येत नव्हती. गुरुजी म्हणाले, मी भात करतो. जीजीनं त्यांच्याकडं अळी सापडलेल्या दोडक्यासारखं पाहिलं.

"हे जाईन," ती माझ्याकडं बोट करून म्हणाली. "हिचा हात सोच्छ हाये आन् तोंड बंद हाये."

"हिचं भाडं?" ह्यांनी विचारलं. हा प्रश्न बरोबरच होता. मी दुसऱ्या दिवशी सांभाराचे साठवलेले सगळे पैसे फडक्यात बांधून आणले आणि शेटजींच्या गल्ल्यावर ठेवले. तिघांचे पैसे आधीच जमा होते. माझे चौथे.

घरी मात्र सासूबाई ऐकेनात. "अंदमान म्हंजे काळं पाणीच ना? खून करणाऱ्याले धाडत थितं. तू कोणाले मारलं रे?"

"कोणालेच नाई, माय. आमी पाहाले चाललो."

"पाहाले! सरकार फुकट नेत होतं तवा कोणी खुशीनं गेलं नाई, आन् तुमी तिकीट काढून जाऊन राह्यले!" मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तू जाय वो संग. हा जहाजातून वाकून पाह्यल्याबिगर राह्यणार नाई. धोतर धरून ठेव त्याचं."

म्हणजे आता मला दोन कामं होती.

निघायचं कार्तिकी पौर्णिमेनंतर ठरलं, कारण तेव्हा चातुर्मास संपतो. चातुर्मासात जीजी गावाची शीव ओलांडत नसे, आणि त्या वर्षी तिनं शेटजींनाही सोबत नेम घ्यायला लावला होता: पावसाचे दिवस आहेत तोवर शिवेबाहेर पाय नाही. म्हणून पूर्ण श्रावण आणि भादवा नुसतं ठरवण्यात गेला. वाशीमहून छोट्या गाडीनं अकोला, तिथून मोठी गाडी कलकत्त्याला, पुढं जहाज, जहाजातून उतरून नाव. नाव कोणाची, हे गुरुजींना माहीत नव्हतं. हे म्हणाले, "पैनगंगेवर भेटते, थितं काहून नाई भेटणार?"

ह्यांचं सगळं गणित भाजीनं चाले. जहाजाला चार दिवस लागतात हे कळल्यावर ते म्हणाले, "मेथी पह्यल्याच दिवशी मान टाकीन. वांगे तिसऱ्या दिवसापर्यंत चालतीन. कांदे मातर जाऊन परत येतीन." मग त्यांना सुचलं की जहाजात एवढी माणसं चार दिवस बसून राहतात, ती काय खातात? दोन पोती कांदे नेले तर येण्याचं भाडं निघेल.

"कांद्याच्या संग मी बसणार नाई," शेटजी म्हणाले. त्यांच्या घरी कांदा नावालासुद्धा येत नसे.

"तुमी त्या टोकाले बसा. जहाज लंबं राह्यते."

शेटजी व्यापारी माणूस; त्यांना वेगळीच काळजी. तिथं पाऊस फार, तर अंगावर काय घ्यायचं? आम्ही पावसात पोत्याची खोळ करून डोक्यावर घेत असू. समुद्रातल्या पावसाला पोतं चालणार नाही असं गुरुजींचं मत पडलं. मेणकापड लागेल. चार माणसांचे चार अंगरखे. शेटजी मालासाठी अकोल्याला दर महिन्याला जात. ते त्या वर्षी चातुर्मासामुळं बंद होतं, म्हणून त्यांनी चिठ्ठी देऊन माल मागवला. पण त्यांनी जन्मात कोणतीही वस्तू फुटकळ घेतली नव्हती. चार अंगरख्यांपुरतं कापड घ्यायचं म्हणजे दुकानदारी भाव द्यायचा, आणि ते त्यांच्यानं होणार नव्हतं. त्यांनी ठोक भावानं अख्खी ठाणं मागवली. बैलगाडीतून मेणकापड उतरलं तेव्हा पाहणाऱ्यांना वाटलं, शेटजी दुकानाला तंबू ठोकतात की काय. आमच्या चौघांचे निम्म्याहून जास्त पैसे त्या ठाणांत गेले.

"स्वस्तात पडलं," शेटजी म्हणाले.

शिंप्यानं तीन अंगरखे शिवले. माझा राहिला, कारण बाईमाणसाचा अंगरखा कसा कापायचा ते त्याला कळेना आणि मला सांगता येईना. मग ते खरंच पाणी अडवतात का, हे पाहायचं ठरलं. पाऊस नेमका चार दिवस उघडलेला. हे म्हणाले, आपल्या इंजिनापेक्षा मोठा पाऊस बेटावर तरी काय पडणार आहे?

मळा शिवेच्या आत होता, म्हणून जीजीही बैलगाडीत बसून आली. विहिरीचं पाणी नळातून हौदात पडतं, त्या धारेखाली तिघं अंगरखे घालून एका रांगेत उकिडवे बसले. गुरुजींनी चष्मा माझ्या सासूबाईंजवळ दिला. मी इंजिनाचं हँडल फिरवायला गडी बोलावणार, तोच जीजी ओरडली, "थांबा! पाणी गाळलेलं नाई!"

जैनांच्या घरी बिनगाळलेलं पाणी वापरत नाहीत. पण इंजिनाची धार कोणी गाळल्याचं मी पाहिलं नव्हतं. जीजीनं घरून आणलेलं जाड दुपदरी फडकं नळाच्या तोंडाला सुतळीनं बांधलं, गाठ ओढून पाहिली, आणि मला बजावलं की नंतर फडकं विहिरीतच उलटं धुवायचं, पाण्यातले जीव पाण्यात गेले पाहिजेत.

इंजिन सुरू झालं. आधी फडकं फुगलं. भोपळ्याएवढं झालं, मग त्याहून मोठं झालं. तिघं वर पाहत होते. "येऊन राह्यलं, येऊन राह्यलं," हे म्हणत होते, तेवढ्यात सुतळी तुटली आणि फडकं, सुतळी, सगळं पाणी शेटजींच्या डोक्यावर बसलं. शिलाईच्या सुईनं कापडाला जितकी भोकं पाडली होती त्या सगळ्यांतून पाणी आत गेलं, पण मेणकापडातून बाहेर येईना. शेटजी पखालीसारखे भरले. उठायला गेले तर उठवेना. ह्यांनी आणि गुरुजींनी दोन्हीकडून धरून त्यांना आडवं केलं तेव्हा बाहीतून धार लागली, आणि ती धार वाफ्यात जाऊ द्या म्हणून सासूबाई ओरडत होत्या.

मी विहिरीच्या मागं जाऊन पदर तोंडात कोंबून हसले. जीजीला हसू आलं नाही. ती विचारात पडली होती. "एवढं पाणी बांधून गाळता येत नाई," ती म्हणाली, "मंग थितं आभाळाले गाळणं कसं बांधसान?"

त्या दिवसापासून तिचं मन फिरायला लागलं. तरी तिनं नाही म्हटलं नव्हतं. नाही ती नवरात्र संपल्यावर म्हणाली, आणि त्याला कारण गुरुजी. त्यांना कुठूनसं पुस्तक मिळालं होतं. दुकानात येऊन ते मोठ्या आनंदानं म्हणाले, "जीजी, तिथे कार्तिकानंतरही पावसाळाच असतो बरं का. आपल्याकडचा वारा परतला की त्याचा पाऊस तिकडे पडतो."

जीजी गहू निवडत होती. तिचा हात थांबला. "मंग थितं चातुर्मास कवा सरते?"

"तिथे कसला चातुर्मास, जीजी? तिथे माणूसच नाही."

"पाऊस हाये तं चातुर्मास हाये. पावसात जीवजंतू निंघतात, त्यायच्यावर पाय पडू नये म्हणून तं एका जागी बसा लागते. माया पोरगा थ्या बेटावर पाय ठेवीन, त्याले थितंच बसा लागीन. उठीन कवा?"

"माय, मी काय साधू हावो?" शेटजी म्हणाले.

"नेम नाई घेतला तू मायासंग? पावसात पाय उचलणार नाई म्हणून?"

"थो इथला नेम हाये."

"वाशीमच्या पावसाचा घेतला होता का नेम?"

गुरुजींनी सांभाळून घेतलं. म्हणाले, कोरडे महिने आहेत की. माघ, फाल्गुन, चैत्र. तेव्हा जाऊ.

"माघात माया कांदा काढाले येते," हे म्हणाले. "आन् चैतात पाण्याची एक पाळी चुकली का काकडीचा वेल गेला."

"वैशाखात?"

"वैशाखात तिथे पुन्हा सुरू होतो," गुरुजींनी पुस्तकात पाहून सांगितलं. "आणि चैत्रात तशी मलाही सवड नाही. परीक्षा."

एकाचं वर्ष पिकावर, एकाचं पावसावर, एकाचं शाळेच्या घंटेवर. तिन्ही वर्षं एकमेकांवर ठेवून पाहिली तर रिकामा असा आठवडा निघेना. ह्यांनी शेवटचा उपाय काढला. "शेटजीनं बेटावर पायच ठेवू नये. जहाजातून पाहावं. मंग तं नेम मोडत नाई?"

जीजीनं यावर खरंच विचार केला. "जहाज कायच्यावर चालते?"

"पाण्यावर."

"गाळलेल्या?"

गुरुजींनी पुस्तक मिटलं.

मी उंबऱ्यात उभी होते. पाटी रिकामी झाली होती, जायला हवं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी एकटी जाऊन येऊ का?"

मी त्या दुकानात तीन पुरुषांसमोर बोललेलं ते पहिलं वाक्य. आधी कोणाला कळलंच नाही की कोण बोललं. शेटजींनी रस्त्याकडं पाहिलं. मग हे हसायला लागले. "हे! हे जाईन एकटी! अकोल्याले गाडी बदलाची तं आठ दिवस फलाटावर बसून राहीन, कोणाले इचारणार नाई." गुरुजीही हसले. शेटजी हसले. मीही हसले, सगळे हसत होते म्हणून.

जीजी हसली नाही. तिनं मला मागं ओसरीवर बोलावलं. "पोरी, तुले खरंच जाचं होतं का वो?"

"नाई. अशीच बोलली," मी म्हटलं.

"मले सांग."

मला सांगता आलं नाही. गाळून घ्यायचं पाणी, कोणी न दिलेलं पाणी, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र झाल्या, आणि मी पाटी उचलून निघून आले.

बेत मोडला, पण मेणकापड राहिलं. शेटजींनी ठाणं दुकानात मांडली. पावसाळा संपलेला, कोण घेतो? गुरुजींची दिवाळीनंतर बदली झाली, त्यांचे पैसे शेटजींनी पदरचे घालून देऊन टाकले. ह्यांचे पैसे आमच्या किराण्यात वळते झाले. उरले माझे. शेटजी म्हणाले, "बाई, कापड खपलं का तुमचे देतो." मी मान हलवली.

कापड खपलं पुढच्या दोन पावसाळ्यांत. मग वाशीमला जिकडंतिकडं मेणकापड दिसे. खाटिक सोडून सगळ्यांनी घेतलं, खाटकाला जीजीनं दिलं नाही. पाळण्यावर, गुळाच्या भेल्यांवर, टांग्यावर. एकानं म्हशीला झूल केली. शेटजी थोडे थोडे पैसे देत, कधी दहा, कधी वीस. मी मागत नव्हते. लोकांना वाटे, लाजते. ह्यांनाही तसंच वाटे, ते म्हणायचे, "अवो, आपले पैसे मांगाले काय शरम?"

शरम नव्हती. माझे पैसे तिथं आहेत तोवर माझी जागा तिथं आहे, असं मला वाटत होतं. इतर तिघांनी आपली जागा काढून घेतली होती. माझी चौथी जागा शेटजींच्या गल्ल्यात अजून पडून होती. वाफ्याला पाणी देताना मी कधी कधी त्या बेटाचा विचार करायची. तिथं आत्ता पडत असेल, बकऱ्या कपारीत उभ्या असतील, असा. पैसे थोडे थोडे परत येत तसं ते बेट लांब जाई. शेवटी पाच रुपये राहिले. शेटजींनी ते पुढं केले तेव्हा मी म्हटलं, "राहू द्या. मंग घेईन." पुढच्या वेळीही तेच म्हटलं. मग दुकानाच्या दारानं जायचं सोडून मागल्या दारानं भाजी द्यायला लागले. जीजी काही विचारत नव्हती. फक्त शेटजींचा आवाज जवळ आला की ती म्हणे, "जाय आता, ऊन होते."

पण दिवाळीला व्यापाऱ्यांच्या घरी वहीपूजन असतं. जुना हिशोब मिटवून नवी वही सुरू करायची. कोणाचं देणं मागं ठेवून शेटजी पूजेला बसत नसत. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी ते स्वतः मळ्यात आले. पायात वहाणा नाहीत, धोतर सावरत, सांभाराच्या वाफ्याच्या कडेनं पाय जपत. मी पाणी देत होते. हात चिखलाचे.

"बाई, आज घ्याच लागतीन," ते म्हणाले. "नाई म्हणू नका. माये हात बांधले हायेत."

मी हात पदराला पुसले. त्यांनी एकेक रुपयाच्या पाच नोटा हातावर ठेवल्या.

"आता काही राह्यलं नाई ना?" मी विचारलं.

"काही नाई. एक पैसा नाई. मोजून घ्या."

मी मोजले. पुरे होते.